गेरूचा टिळा

मास्तरांनी गेरूत बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर उभी रेघ ओढली.

"हिच्या डोक्यात अक्षर शिरत नाही. तांड्याचंच डोकं."

वर्ग हसला. मी पण हसले. मला काय माहीत!

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. घाटंजीकडच्या आमच्या गावात साहेब शाळा तपासायला येणार होते, म्हणून भिंतीला काठ द्यायला गेरू कालवला होता. आमच्या तांड्यातल्या दोन पोरांना माझ्याआधी असाच टिळा लागला. एक गुरांमागं गेला, एक कापूस वेचायला. शाळेत पुन्हा कुणी दिसलं नाही. आता माझी पाळी होती.

मुळाक्षरं मला तोंडपाठ होती. पण डोळे फाडून पाहिलं तरी भिंतीवरचं अक्षर जागेवर थांबायचं नाही.

याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, टिळा पाहिला आणि ती हरखली. आमचे लोक बैलांवर मीठ लादून मुलुखभर फिरायचे, तेव्हा सगळ्यात पुढच्या बैलाच्या कपाळाला असाच गेरू असायचा. तिला वाटलं, मास्तरांनी लेकीला पुढं काढलं. दुसऱ्या दिवशी मला आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, घालून, पायात घुंगरू बांधून तिनंच शाळेत आणून सोडलं.

पोरं हसून हसून लोळली. मास्तर दारात आले.

"बाई, हा मान नव्हे. निकामी मालाची खूण आहे. साहेब येतील त्या दिवशी हिला घरीच ठेव. मग पटावरून नाव काढतो."

याडीचं तोंड राखेसारखं झालं. माझ्या लाजेपेक्षा तिची लाजच मला जास्त लागली. वाटेत मी तिला सांगितलं, अक्षर थांबत नाही. ती एवढंच बोलली, "डोयाले दिसत नसन त बोटानं पाह्य. मी टाका तसाच शिकली."

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर अक्षरं ओळीनं रंगवली होती. पाण्याला जाताना याडी त्यातलं एक डोळ्यांत भरून आणायची आणि जाड दोऱ्यानं गोणपाटावर टाचायची. तिला त्याचा उच्चार येत नव्हता. ओळीतलं कितवं ते ती सांगायची, त्यावरून मी तो ओळखायची. मी टाक्यावरून बोट फिरवायची आणि म्हणायची. तेच अक्षर भाकरीच्या पिठात, नाल्याच्या रेतीत. बा माझ्या पाठीवर बोटानं काढायचा, मी ओळखायची. एका संध्याकाळी 'ग' हलला नाही. मी रडले.

साहेब येणार त्या दिवशी मी शाळेत गेले. मास्तरांचं लाल बोट पुन्हा कपाळाकडं आलं. मी त्यांचं मनगट धरलं.

"गेरू नोका लावू. मले वाचता येते."

 मी गोणपाट काढलं, बोट फिरवलं, वाचलं.

मास्तर हळूच म्हणाले, "कोणत्या बोटानं वाचतेस?"

मी भोळी. बोट पुढं केलं. त्यांनी त्याच बोटावर रूळ हाणला.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. "पळ मागच्या दारानं," मास्तर म्हणाले. मी हलले नाही. काळं पडत चाललेलं बोट मुठीत धरून, पहिल्या ओळीत, साहेबांच्या समोर बसून राहिले.

पटावरचं माझं नाव मग कुणी काढलं नाही. त्या बोटाचं नख अजून वाकडंच उगवतं. आज माझ्या ओसरीवर अशी पोरं येतात, ज्यांच्यापुढं अक्षर थांबत नाही. सुईदोरा आहे, रेती आहे, पीठ आहे. पण सगळ्यात आधी मी त्यांना मनगट धरायला शिकवते. कपाळाकडं कुणाचं बोट आलं की धरायचं. सोडायचं नाही.