तपासणीच्या दिवशीची गैरहजेरी

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात आठवीला इंग्रजी शिकवायला लागलो. नोकरी अजून कायम व्हायची होती, पण आपल्याइतकं चांगलं व्याकरण तालुक्यात कोणी शिकवत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. प्रेझेंट परफेक्टसाठी मी एक युक्ती काढली. हजेरीला नुसतं ‘येस सर’ म्हणायचं नाही. सकाळी उठल्यापासून केलेलं एक काम त्या काळात सांगायचं.

पोरांनी पहिल्याच आठवड्यात पळवाट शोधली. ‘आय हॅव टेकन टी’ हे एकच वाक्य वर्गभर फिरायचं. एक गोंड मुलगी तेवढी रोज नवं वाक्य आणायची. शेळ्या सोडल्या, सरपण आणलं, धाकट्या भावाला आंघोळ घातली. एखादा शब्द अडला, तर आदल्या दिवशीच मला विचारून ठेवायची. घरी गोंडी, शाळेत मराठी, आणि वर ही इंग्रजी. पण बोलताना ती अडखळायची. ‘आय’ नंतर ‘हॅव’ निघायला वेळ लागायचा आणि मागच्या रांगेत खसखस पिकायची. त्यांना दटावायचं सोडून मी घड्याळाकडे बघायचो.

मग तपासणी आली. शिक्षण खात्याचे साहेब इंग्रजीचा तास बघणार होते, आणि माझं कायम होणं त्यांच्या शेऱ्यावर होतं. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली. साहेबांसाठी तिनं खास वाक्य तयार केलं होतं: ‘आय हॅव वॉक्ड थ्री माइल्स टू स्कूल.’ म्हणून दाखवलं. अडखळली, पण चुकली नाही.

“साहेब मले इचारतीन का, सर?”

“उद्या तू येऊ नको,” मी म्हणालो. “घरीच राह्य.”

“काऊन?”

उद्या गडबड राहील, असं काहीतरी थातुरमातुर मी सांगितलं. तिला खरं कारण कळलं होतं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तरीही मी सायकल काढून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी तास झकास झाला. पोरं पोपटासारखी बोलली. साहेब खूश होऊन हजेरीपट चाळू लागले आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. या मुलीचा वर्षभर एकही खाडा नाही, मग आजच कशी नाही, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मीही ऐटीत इंग्रजीतच उत्तर दिलं.

‘शी हॅज गॉन टू अनदर व्हिलेज, सर.’

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. तिच्या वस्तीवरची मुलं सकाळी तिला शेळ्यांमागे बघून आली होती, आणि ती का आली नाही हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी मी इंग्रजी बोलू लागलो की निम्मे चेहरे कोरे असत. त्या दिवशी एकही कोरा नव्हता. हाच काळ मी त्यांच्याकडून महिनाभर घोटून घेतला होता. सर खोटं बोलताहेत, हे त्यांना शब्दन्‌शब्द समजलं.

“अशा मुलीला भेटायला आवडलं असतं,” साहेब म्हणाले. शेऱ्यात त्यांनी माझं कौतुक लिहिलं. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती हजेरीच्या आधीच टेबलापाशी येऊन उभी राहिली. मुलांनी तिला सगळं सांगितलं होतं. आता ही जाब विचारणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, तिनं तो विचारावा असंच वाटत होतं. ती हळू आवाजात म्हणाली,

“सर, मी कोण्या गावाले गेलती? साहेबानं पुन्हा येऊन इचारलं त मले सांगता आलं पाह्यजे.”

ती मला सांभाळून घेत होती. चौदा वर्षांची पोर. शरमेनं माझी मान वर होईना. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी तोंड उघडलं, आणि म्हणालो, “नाचणगाव.”

तिनं ते नाव दोनदा पुटपुटून पाठ केलं आणि जागेवर जाऊन बसली.