मांडीवरचे फोड

पत्रकात ‘मांडी’ हा शब्द छापायचा नाही, असं आमच्या गटाच्या चिटणीसांनी मला बजावलं होतं. त्यातून बिनलग्नाच्या मुलीनं तर तो लिहायचाच नाही. मी लिहिला, छापला आणि सांगलीत एका कारखान्याच्या फाटकावर उभी राहून वाटला.

बेचाळीसच्या चळवळीपासून मी पत्रकं वाटत आले. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण पत्रकांवरच झालं. पत्रक लिहिताना एक सवय लागते. जे घडलं ते आधी सांगायचं, रडगाणं नंतर. म्हणून इथंही आधीच सांगून टाकते. कारखान्यातल्या तेलानं एका माणसाच्या अंगावर फोड उठले. लोकांनी त्याला गरमी ठरवलं, म्हणजे बाहेरख्याली माणसाला होतो तो रोग. त्यापायी त्याची नोकरी गेली आणि बायको माहेरी निघून गेली.

बायको म्हणजे माझी मैत्रीण. उंब्रजला आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. युद्ध संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी घरी गेले, तर ही परसात बसलेली, दोन्ही हातांना लुगड्याची फडकी गुंडाळून. मी फडकी सोडली. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक काळ्या तोंडाच्या पुळ्या, काही पिकलेल्या. नवऱ्याला आधी झालं, मग आपल्याला लागलं, असं ती मान खाली घालून सांगत होती. नवरा सांगलीला कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, टर्नर. त्याच्या मांडीला फोड उठले तेव्हा सासूनं नको ते नाव घेतलं. फोरमननं तो खाजवताना पाहिलं आणि हा घाण रोग बरा करून मग ये म्हणून घरी पाठवलं. त्यानंतर हिचे हात असे झाले, आणि भाऊ जाऊन हिला घेऊन आला.

मला आडपडदा जमत नाही. मी विचारलं, “तुला कुठं कुठं हाय?”

“हातालाच. कोपरापतूर.”

“आणि दुसरीकडं?”

तिनं दाराकडं बघितलं. “न्हाई गं. दुसरीकडं काय बी न्हाई.”

“मग त्यानं गरमी दिली ती नुसती हाताला दिली व्हय?”

तिनं गुंडाळलेल्या हातानंच मला रट्टा दिला, हसली, आणि हसता हसता रडायला लागली. माणूस वाईट नाही, म्हणाली. पण मग हे आलं कुठून, तेवढं कुणी सांगावं.

सांगायला वेळ थोडा होता. तिचा थोरला भाऊ नुकताच फौजेतून सुटून आला होता आणि घरात त्याचा शब्द चालायचा. पुढच्या बाजारानंतर पंच बसवून काडीमोड करायची, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. एकदा काडीमोड झाली की मग तेल काय न् गरमी काय, कोण ऐकून घेणार होतं?

मी सांगलीला गेले. नवरा एका हळदीच्या वखारीत पोती वाहत होता. मी कोण ते सांगितलं आणि मांडी दाखवा म्हटलं. तो दोन पावलं मागं सरकला.

“ताई, तुमी बाईमाणूस.”

मी म्हटलं, अंबाड्यात भूमिगतांच्या चिठ्ठ्या खोवून मी पोलिसांच्या नाक्यावरून गेले आहे, तुमच्या मांडीला भिणार नाही. मग त्यानं खाकी चड्डीची उजवी बाजू वर सरकवली. तशाच काळ्या तोंडाच्या पुळ्या. पण सगळीकडं नाहीत. तळहाताएवढ्या एका पट्ट्यात दाट, बाहेर तुरळक. डावी मांडी स्वच्छ.

तो हळू आवाजात बोलत होता. “मी कुठं गेलो न्हाई, ताई. पर समदी म्हणाय लागली, आता माझं मलाच कळंना.”

त्याच्याकडून मी त्याच्या कामाची सगळी माहिती काढून घेतली. लेथवर तेल सारखं लागतं. युद्धात चांगलं तेल मिळेना तेव्हा इंजिनांतून काढलेलं काळं तेल पोत्यातून गाळून लेथवर घालायला सुरुवात झाली. युद्ध सरलं तरी तेच चालू. त्यात लोखंडाचा बारीक कीस. हात पुसायला एक फडकं, ते आठवडाआठवडा तेच. सुटी झाली की घासलेटनं हात धुवायचे आणि वाळूनं घासायचे. अंगावरचे तेलकट कपडे घालूनच घरी. आणि मध्येच हात पुसावे लागतात म्हणून ते फडकं ठेवायचं कुठं? उजव्या खिशात.

मी त्याच्या चड्डीचा खिसा बाहेर ओढला. काम सुटून इतके दिवस झाले होते, तरी खिशाचं कापड काळं आणि चामड्यासारखं कडक होतं. त्याच्या खाली बरोबर तो पट्टा. आणि ती चड्डी दर दोन दिवसांनी धुवायची कोण? माझी मैत्रीण, कोपरापर्यंत हात बुडवून.

मला इतका संताप आला की मी तिथंच एका पोत्यावर बसले.

इस्लामपूरला आमच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. मी त्या नवरा-बायकोला एकेक करून त्यांच्याकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, हे तेलाचे फोड. तेल आणि कीस केसांच्या मुळाशी जाऊन बसतो, भोकं बुजतात आणि पुळी उठते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घासलेट लावू नका, वाळूनं घासू नका, त्यानं कातडी सोलून निघते आणि तेल आणखी आत जातं. साबण, कोमट पाणी, कोरडे स्वच्छ कपडे, फडकं अंगापासून लांब. तेवढं केलं तर हे होत नाही. झालं असेल तर बरं होतं.

किती सोपं. आणि या सोप्या गोष्टीपायी एक संसार मोडायला निघाला होता.

डॉक्टरांचं म्हणणं मी फोरमनला सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टर लेथ चालवतो काय? तेलानं फोड येतात तर बाकीच्यांना का नाहीत? मैत्रिणीच्या भावाला सांगितलं, तर तो म्हणाला की डॉक्टर तुमच्या पक्षाचा आहे, तू सांगशील ते म्हणेल; तेलानं होतं तर एकट्या दाजींनाच कसं? दोघांची खोच एकच होती. बाकीच्यांना का नाही?

बाकीच्यांना होतं. याची मला खात्री होती. लेथच्या रांगेतली माणसं सुटी झाल्यावर चालायची ती पाय फाकवून. पण जो तो आपलं झाकत होता. आपल्यालाही ‘ते’च झालं असं लोक म्हणतील ही धास्ती. एकाच्या हकालपट्टीनं सगळ्यांची तोंडं शिवली गेली होती.

म्हणून पत्रक. चिटणीसांचं म्हणणं, मजुरीवर लिहा, महागाई भत्त्यावर लिहा, हे खाजगी आहे. मजुराची मजुरी तेवढी सार्वजनिक आणि त्याचं कातडं खाजगी, हा हिशेब मला पटला नाही. मी लिहिलं ते असं:

“लेथवरच्या भावांनो, तुमच्या मांडीवर फोड आहेत. ते का आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तुम्ही लाजता. ती गरमी नव्हे. ते मालकाचं काळं तेल आहे. फडकं खिशात ठेवू नका. घासलेटनं हात धुवू नका. मालकाकडं साबण मागा, पाणी मागा, धुवायला वेळ मागा, रोज स्वच्छ फडकं मागा. तुमचा एक भाऊ या फोडांपायी घरी बसवला आहे. तुम्ही गप्प राहिलात तर उद्या तुमची पाळी.”

पहिल्या दिवशी पत्रकं गेली, माणसं गेली, कुणी थांबलं नाही. एकानं जाता जाता विचारलं, “ताई, मांड्या मोजाय आलाय व्हय?” मागचे फिदीफिदी हसले. मी म्हटलं, मोजायच्या नाहीत, वाचवायच्या आहेत. पण हसणारेही पत्रक घडी करून खिशात घालत होते. डाव्या खिशात.

बाजार दोन दिवसांवर आला होता. मी रात्रीच्या मुक्कामाला उंब्रज गाठलं आणि मैत्रिणीच्या भावाला गाठून म्हटलं, दादा, काडीमोड करायची तर कर. पण आधी डोळ्यांनी बघ. तुझ्या बहिणीचा प्रश्न आहे, माझ्या पक्षाचा नाही. तो मला खोटं पाडायच्या तयारीनंच दुसऱ्या दिवशी सांगलीच्या सर्व्हिस मोटारीत बसला.

सुटीच्या वेळी आम्ही फाटकावर उभे. फोरमनही हाताची घडी घालून उभा. माणसं बाहेर आली आणि त्याला बघून पांगायला लागली. भावानं थोडा वेळ त्यांची चाल बघितली. मग फौजेतला आवाज काढला.

“गड्यांनो, थांबा. फौजेत आमाला म्हैन्याला उघडं करून तपासत. गोरा डाक्टर यायचा, समदी रांगंत उभी. तितं न्हाई लाज वाटली, तर हितं कसली? मी टर्नरचा मेव्हणा हाय. मला बघू द्या.”

मग एक पिकल्या मिशांचा टर्नर पुढं झाला. मला नातवंडं झाली, मी आता कुणाला लाजू, असं पुटपुटत तो फाटकाजवळच्या विहिरीच्या भिंतीमागं गेला. त्याच्यामागं एक, मग दोघं, मग लेथची सगळी रांग. भावानं भट्टीवरच्या, म्हणजे तेलाशी संबंध नसलेल्या, तिघाचौघांनाही धरून नेलं. मी भिंतीकडं पाठ करून उभी राहिले. मागून हसणं ऐकू आलं, एक शिवी ऐकू आली.

भाऊ बाहेर आला तो माझ्याकडं न बघता फोरमनकडं गेला.

“लेथवरल्या समद्यांना हाय. उजव्या खिशाच्या खाली. भट्टीवाल्यांना एकाला बी न्हाई.”

“एकाचा दुसऱ्याला लागलाय,” फोरमन म्हणाला.

“मग त्यांच्यासंगं जेवणाऱ्या भट्टीवाल्यांना का न्हाई लागला? आणि ह्या म्हाताऱ्याला डाव्या मांडीला हाय. डावखुरा हाय त्यो, फडकं डाव्या खिशात ठेवतो. कोण डावखुरा आन् कोण उजवा, हे रोगाला कसं कळलं, तेवढं सांगा.”

फोरमनच्या उत्तरासाठी आम्ही थांबलो नाही. भाऊ तसाच वखारीकडं निघाला, मी त्याच्या मागं पळत. टर्नर पोतं उतरवत होता. भावानं पुढं होऊन पोत्याचं दुसरं टोक धरलं. पोतं खाली ठेवून म्हणाला, “दाजी, बाजारादिवशी पंच बसणार न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेतल्या कुणीही लेथ फिरवणारा पट्टा चढवला नाही. आमचा टर्नर आत येईपर्यंत चढवणार नाही, असं डावखुऱ्यानं जाऊन सांगितलं. मॅनेजर म्हणाला, इंग्रजी हद्दीतला कारखान्यांचा कायदा इथं सांगली संस्थानात लागू नाही. आम्ही म्हटलं, कायदा नको, साबण द्या. दुपारी टर्नर आत गेला. नळ मिळाला, साबण मिळाला, सुटीच्या आधी धुवायला वेळ मिळाला. फडकी रोज स्वच्छ, आणि ठेवायला मशीनवर खिळे. जुन्या तेलावर मात्र मॅनेजर अडून बसला. ते भांडण अजून चालू आहे आणि ते आम्ही सोडणार नाही.

मैत्रीण हात बरे झाल्यावर सांगलीला नवऱ्याकडं परतली. तिच्या पहिल्या सोमवारी ती नवऱ्याच्या तेलकट कपड्यांचं गाठोडं घेऊन माझ्या सांगलीतल्या मुक्कामी आली आणि म्हणाली, चल. आम्ही सरळ मॅनेजरच्या खोलीत गेलो. तिनं गाठोडं त्याच्या टेबलावर ठेवलं.

“तेल तुमचं. कपडे हितंच धुवा, हितंच वाळवा. माझ्या घरात ह्ये यायचं न्हाई.”

मॅनेजरनं नाकाला रुमाल लावला आणि बाहेर जायला सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली. मीही बसले. बाहेर लेथवाले गोळा व्हायला लागले. विहिरीजवळ धुण्याचा दगड आणि हौद बांधून देतो, असं तो म्हणाला तेव्हा ती उठली. गाठोडं मात्र तिनं टेबलावरून उचललं नाही. हौद होईस्तोवर ते तिथंच राहू दे, म्हणाली.