गोलाला उंबरा

आमच्या स्टेडियमबद्दल मी जे सांगेन त्यातलं निम्मं सोडून द्या, असं माझी बायको ऐकणाऱ्याला आधीच बजावते. तिचं ऐका. फक्त सोडायचं निम्मं कोणतं, ते तिलाही माहीत नाही.

टेंभुर्णीहून दोन कोसांवर आमचं गाव आणि गावाच्या वरच्या अंगाला माळ. माळ इतका उघडा, की तिथं कुणी शिंकलं तर जाफराबादेत लोक 'सत्य हाय' म्हणायचे. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला एक साहेब जीपमधून त्या माळावर उतरले. चपला काढून दगडावर उभे राहिले आणि बोलले. "आपल्या देशात फुटबॉल का वाढत नाही? कारण त्याला घर नाही. खेळाला घर द्या, खेळ नांदायला येईल! गावोगावी स्टेडियमं उभी करा, मग बघा." आम्ही टाळ्या वाजवल्या. गावात तेव्हा फुटबॉल एकच. तोही शाळेच्या कपाटात, हवा जाऊन आजारी कासवासारखा बसलेला.

पण घर उभं राहिलं. एका बाजूला दगडी पायऱ्या बांधल्या, अकरा. सगळ्यांत वरच्या पायरीवरून अजिंठ्याचा डोंगर दिसतो असं गाव म्हणायचं. मला तर लेणीसुद्धा दिसायची. मैदान सपाट केलं, मुरूम टाकला, आणि गोल उभारायचं काम आलं गावच्या सुतारबाबांकडं. साहेबांनी ठेवलेला कागद त्यांनी उभा धरला, आडवा धरला, उलटा धरला.

"हे अर्धं हाय," सुतारबाबा म्हणाले. "खालचं कुठंय?"

शाळेतले खेळाचे सर तिथंच होते. ते म्हणाले, "बाबा, खाली काही नसतं. चेंडू आत गेला पाहिजे."

"मानूस आत जात न्हाई का? उंबऱ्यावरूनच जातो ना? साहेब काय म्हन्ले? घर म्हन्ले का न्हाई?"

"म्हणाले, पण ते आपलं बोलण्यातलं..."

"मंग! बिनउंबऱ्याची चौकट म्या जल्मात बसवली न्हाई. उंबरा नसला की घरात कोन आलं अन् कोन गेलं, काई पत्ता लागत न्हाई."

सर तालुक्याला पत्र लिहितो म्हणाले. त्या पत्राचं उत्तर यायच्या आत सुतारबाबांनी सागाचे दोन खांब रोवले, वर तुळई टाकली आणि खाली काळ्या दगडाचा वीतभर उंच, चोवीस फूट लांब उंबरा बसवला. पाच सवाष्णींनी हळदीकुंकू वाहिलं. तुळईला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. दुसऱ्या टोकाचा गोल लोखंडी, जालन्याहून तयार होऊन यायचा होता. तो अजून यायचाय. तोवर म्हणून तिकडं दोन बांबू रोवले.

सामने सुरू झाले तेव्हा चौकटीचा गोल आमच्या संघाला, बांबूंचा पाहुण्यांना, हे ठरूनच गेलं. अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलायच्या असतात असं पाहुणे म्हणाले, तर सरपंच पायरीवरून ओरडले, "एकदा थाटलेलं घर अर्ध्यात बदलत असतेत व्हय?" पाहुण्यांना भजी खाऊ घातलेली होती. ते गप्प बसले.

आता हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसलोही. पण सामने असायचे महिन्यातून एकदा. बाकीचे दिवस माळावर नुसतं दार उभं असायचं. भिंत नाही, छप्पर नाही, चूल नाही. चार माणसं आडवी झोपतील एवढ्या रुंदीचं दार, वाळक्या तोरणासकट. माझी चुलती सरपण आणायला जाताना त्या अंगानं जाईना. म्हणाली, "घर बांधलं अन् कुनी ऱ्हायला गेलं न्हाई, तर दुसरं कुनीतरी ऱ्हायला येतं." भर दुपारी, ऊन नुसतं कानात वाजत असताना, शेळ्या उंबऱ्यापर्यंत यायच्या, थांबायच्या आणि वळसा घालून जायच्या. चौकटीच्या दोन्ही अंगाला माळच माळ होता, पण मधून एकही शेळी गेलेली मी पाहिली नाही.

या दाराबद्दल गावात चार गोष्टी पसरल्या. तीन मी उठवल्या होत्या, ते कबूल. चौथी अशी, की उंबऱ्यापुढची माती रोज सकाळी झाडल्यासारखी स्वच्छ असते. ती माझी नव्हती. कुणाची ते मी खूप शोधलं.

आमचा गोलकीपर, त्याला सगळे गोलकी म्हणायचे, माझ्या बरोबरीचा. शाळेत एकाच बाकावर आम्ही नापास झालो. ताडासारखा उंच. वरून आलेला चेंडू तो असा उचलायचा की पिकला आंबा तोडून घ्यावा. तो रांगत होता तेव्हा त्याची आई वारली. फोटो नाही, काही नाही. चुलत्यानं वाढवला. चुलता वाईट नव्हता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "यंदाचा हंगाम खेळ. मंग जालन्याला लोखंडाच्या भट्टीवर नंबर लावून देतो." भट्टीवर गेलेली आमच्या गावची माणसं सणाला घरी यायची तेव्हा त्यांच्या भुवया जळालेल्या असायच्या. गोलकी ते ऐकून नुसता मान हलवायचा.

आणि मी? मी खेळायचो नाही. मी बोलायचो. मंडपवाल्याचा भोंगा पायऱ्यांवर बांधायचा, माईक माझ्या हातात, आणि सामना मैदानात कमी अन् माझ्या तोंडात जास्त व्हायचा.

एका सामन्यात टेंभुर्णीच्या पोरानं जमिनीलगत चेंडू सरपटवला. गोलकी दुसऱ्या बाजूला होता. चेंडू गेला, गेला, उंबऱ्याला 'टप' करून आपटला आणि मागं आला. टेंभुर्णीचे लोक बोंबलायला लागले. त्यांचं तोंड बंद करायला मला काहीतरी म्हणायलाच हवं होतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "दगड न्हाई रं त्यो! गोलकीची माय बसलीय उंबऱ्यात! मला हितून दिसून राह्यली! लेकाच्या घरात चेंडू जाऊ दील का ती?"

पायऱ्यांवर आधी हशा झाला. मग बायकांनी हात जोडले. गोलकीनं मागं वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि खाली वाकून उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला.

तिथून ते सुरूच झालं. चेंडू उंबऱ्याला आपटला की अख्ख्या पायऱ्या ओरडायच्या, "माय बसली!" मीही सजवत गेलो. माय आज पदर खोचून बसलीय, माय आज जरा रागात दिसती. सामना संपला की गोलकी माझ्याजवळ यायचा आणि हळूच विचारायचा, "आज कशी होती?" मी सांगायचो. नाक असं, कपाळावर गोंदण असं. त्याचा चेहरा बघितला की थांबवत नसे.

हळूहळू त्यानं वाकणंच सोडलं. सर चिडायचे. "अरे, खालच्या चेंडूला वाक!" तो म्हणायचा, "खालचं माय पाहती सर. वरचं मी पाहतो." त्या वर्षी आमच्यावर एकही सरपटता गोल झाला नाही. तशी बातमी मी स्वतः लिहून पेपरला पाठवली. एका वर्षाची सात वर्षं केली. छापून आली, आणि महिन्याभरात औरंगाबादहून विभागाच्या संघाच्या निवडीचं बोलावणं आलं. निवड झाली की खेळाडू म्हणून पोलिसात घेतात, असं सर म्हणाले. भट्टी टळणार होती. चुलत्यानं स्वतः नवीन बनियन आणून दिलं.

सरांनी मला बाजूला घेतलं. "तू बरोबर जा. आणि जाताना त्याला सांग, तो दगड होता म्हणून. तू लावलंय, तूच काढ."

"सांगतो की सर," मी म्हणालो.

एसटीत गोलकीनं खिडकीजवळची जागा रिकामी ठेवली. आपण मधे बसला, मी कडेला. गाडी खचाखच भरली. एकानं टोपलं ठेवायला हात पुढं केला तर हा म्हणतो, "बसलेत हितं." कंडक्टर आला. "कोन बसलंय?" गोलकी म्हणाला, "माझी माय हाय." कंडक्टरनं त्या जागेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पुढं सरकला. त्यानंतर त्या जागेवर कुणी हात ठेवला नाही. मी अडीच तासांत एकदाही तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम असेल. सांगायचं तर कसं सांगणार? दगड होता म्हणालो की शेजारची जागा रिकामी होते.

औरंगाबादचं मैदान हिरवंगार होतं. लोखंडी गोल, पांढरी जाळी, आणि खाली उंबऱ्याच्या जागी चुन्याची रेघ. गोलकीनं रेघेला हात लावून कपाळाला लावला. कपाळावर चुना राहिला.

निवड करणाऱ्या साहेबांनी आधी वरचे चेंडू दिले. डावीकडून, उजवीकडून, डोक्यावरून. गोलकीनं दहाच्या दहा तोडून घेतले. साहेब म्हणाले, "वा! कुठलं गाव?" मग त्यांनी एक चेंडू जमिनीलगत सोडला. जोरही नव्हता त्यात. लहान मूलसुद्धा पायानं अडवेल असा. गोलकी वर बघत उभा राहिला. चेंडू त्याच्या घोट्याला चाटून मागं गेला. तो हसत होता. मागून 'टप' ऐकू यायची वाट बघत होता.

"झोपला का रे? वाक की!" साहेब ओरडले. दुसरा सोडला. माझा आवाज तीन गावं ऐकतात. मी 'वाक' म्हणायला तोंड उघडलं, पण नुसतं वारं निघालं. तिसऱ्या चेंडूनंतर गोलकीनं मागं वळून पाहिलं. जाळीत तिन्ही चेंडू एकमेकांना लागून पडले होते. तो त्यांच्याकडं बघत राहिला, आणि मग त्यांच्या आजूबाजूला बघायला लागला, गर्दीत हरवलेलं माणूस शोधावं तसं.

परतीच्या गाडीत त्यानं मला खिडकीजवळ बसवलं. जालना मागं पडल्यावर म्हणाला, "खरं सांग. तू माय पाहिली होती?"

मी म्हणालो, "न्हाई."

"कधीच?"

"कधीच न्हाई. दगड होता त्यो. म्या आपलं बोलत गेल्तो."

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू पाहिली न्हाई. मंग मला दिसायची ती कोन व्हती?"

मी खिडकीबाहेर बघून मागं पळणारी झाडं मोजायला लागलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी शाळेचा चेंडू घेऊन एकटाच माळावर गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. बारा पावलांवरून चेंडू हलकेच दाराकडं सोडला. आता हे निम्म्यातलं आहे की नाही ते तुम्ही ठरवा. चेंडू सरळ गेला, आणि उंबऱ्याला लागायच्या आधीच थांबला. उतार नाही, खड्डा नाही, वारा नाही. कुणीतरी तळहात लावावा तसा थांबला. आवाज झाला नाही. मी चेंडू तिथंच टाकून पळालो.

सरळ गोलकीचं घर गाठलं. तो ओट्यावर वळकटी बांधत होता. जालन्याची गाडी तासाभरानं होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, शपथेवर सांगतो. तो ऐकत होता. दोरीची गाठ त्यानं अर्ध्यात सोडली होती.

"दगडाला लागला न्हाई?" त्यानं विचारलं.

"न्हाई. अलीकडंच थांबला."

"किती अलीकडं?"

चेंडू थांबला होता बोटभर अंतरावर. मी दोन्ही हात पुढं केले आणि बोटभर दाखवलं. पण तो इतका टक लावून बघत होता, आणि मला त्याला थांबवायचं होतं. माझे हात आपोआप लांब होत गेले. वीत झाली. हात झाला. मला दिसत होतं, थांबवता येत नव्हतं.

गोलकीनं माझ्या दोन हातांमधली ती मोकळी जागा नीट बघून घेतली. मग गाठ आवळली, वळकटी खांद्यावर टाकली आणि मला वळसा घालून रस्त्याला लागला.