अल्बममधली नवरी

माझं लग्न झालेलं नाही, पण लगीनसराईत ते कल्याण-डोंबिवलीत दर रविवारी लागतं. हळदीला डीजे आला की तिसरं-चौथं गाणं ठरलेलं असतं. आमच्या आत्याने गायलेला धवळा, म्हणजे लग्नविधीचं गाणं, त्याखाली धाडधाड बीट, आणि त्या बीटवर माझं नाव. नवरी म्हणून. पाठोपाठ माझ्या बापाचं, आईचं. नवऱ्या मुलाचंही आहे, पण ते मी लिहिणार नाही. तेवढा राग मला परवडतो.

आम्ही आगरी. आमचं गाव डोंबिवलीच्या खाडीकडे होतं. आता ती दोन टॉवरांमधली गल्ली आहे, तरी आम्ही गावच म्हणतो. आमच्या गावात लग्नाला भटाच्या आधी धवलारीण लागते. ती दिवा लावते, देवांना नावानिशी मांडवात बोलावते, नवरानवरीची आणि त्यांच्या आईबापांची नावं गाण्यात गुंफते. बाकीच्या बायका मागून ओळ झेलतात. लग्न पार पडून हळद उतरली की शेवटचा धवळा म्हणून देवांना परत धाडायचं. एका घरी बोलावलेले देव तसेच बसवून दुसऱ्या मांडवात गायचं नाही. ही रीत, आणि आत्या रीतीला पक्की.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी आली, एक मुलगा घेऊन. एरवी हळदीच्या ताटाजवळ विधवेला कोणी उभं करत नाही. धवलारणीला ते लागू नव्हतं. मांडवात आत्या पुढे आणि नगरसेवक मागे, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. मी तिच्या मागे ओळ झेलायचे. ठाण्याला बँकेत नोकरी, तरी रजा टाकून जायचे. आई म्हणायची, "हिला पगार देते बँक, ना ही राबते आत्याकरं."

अल्बमचं खूळ आत्याच्या मुलाच्या डोक्यातलं. त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, त्यामुळे गाण्याबजावण्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची समजूत. कुठल्याशा म्युझिक कंपनीवाल्याशी ओळख झाली आणि हा घरी येऊन म्हणाला, "आये, तुझा गाना जगभर जाईल." आयजीच्या जिवावर बायजी उदार. पण आत्या हरखली. बरोबरच्या बायका तर त्याहून. आमचा पहिला अल्बम म्हणून त्यांनी एकसारखी हिरवी लुगडी काढली. रेकॉर्डिंगला लुगडं दिसत नाही, हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलली नाही.

स्टुडिओ विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, एका गाळ्याच्या माळ्यावर होता. खाली जीन्स शिवायच्या मशिनी. आम्हाला एका माईकभोवती बसवलं. रेकॉर्डिंगवाल्याने काचेपलीकडून हात केला, तशी आत्याने विचारलं, "नवरी कोन?"

"आंटी, आप बस गाओ. नाम बाद में डाल देंगे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं. तिने कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "नावाबगर देव कोनाच्या घरान जातील?"

आतेभाऊ म्हणाला, कुठलंही नाव घे, सिनेमातल्या हिरो-हिरॉइनचं घे, लोकांना मजा येईल. आत्या त्याच्यावर अशी उखडली की काचेपलीकडचा माणूससुद्धा उठून उभा राहिला. "खोट्या नावानं देव बोलवाचं, ना मंगे ते बसतील कुठं? तुझ्या डोस्क्यावर?"

सगळं तिथेच फिसकटलं असतं तर बरं झालं असतं. पण माझा साखरपुडा झालेला होता. ठाण्याचं घर, खाडीकाठी मिठागरं असलेलं, मुलगा इंजिनिअर. लग्न वैशाखात. आत्याची नजर माझ्यावर येऊन थांबली आणि ती म्हणाली, "हिचाच गाते. आता बोलावते, वैशाखान लगीन झाला का धारते परत." बायकांनी माना डोलावल्या. रीतही राहिली आणि अल्बमही होणार. मला आवडलं का? फार आवडलं. खोटं कशाला बोलू.

तिने जमिनीवर दिवा लावला. रेकॉर्डिंगवाला एसी बंद करायला तयार नव्हता, तर एकीने पदराचा आडोसा धरला. आत्या तशी पुन्हा कधी गायली नाही. माझं नाव तिने असं उचललं की बाकीच्या बायकांच्या आधी मीच ओळ झेलली. मीच माझ्या लग्नाचे धवळे म्हटले. कोणी म्हटले असतील आजवर?

अल्बम गणपतीनंतर आला. मुखपृष्ठावर आम्ही कोणी नव्हतो. कुणी एक सडपातळ मुलगी होती, नाकात नथ, डोक्यावर मासळीची टोपली. आम्ही आगरी, शेती-मिठागरवाले, पण विचारतो कोण. धवळ्याखाली बीट घातलेलं. आत्याने मोबाइल कानाला लावून सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "माझा आवाज पाठीमागं का ठेवलाय?" तोवर ते गाणं सुसाट सुटलं होतं.

नवरात्रात माझी होणारी सासू देवीच्या दर्शनाला टेंभी नाक्यावर गेली होती. वाटेतल्या कुठल्याशा मंडळाने तो धवळा लावलेला. पोरं नाचत होती, शिट्ट्या मारत होती, आणि स्पीकरमधून तिच्या मुलाचं, नवऱ्याचं, तिचं स्वतःचं नाव. दोन दिवसांत ती दिराला घेऊन आमच्या ओटीवर. चहाला हात लावला नाही. "आमच्या पोराचा लगीन तुमी बाजारान लावलाव," ती म्हणाली. "मांडव नाय, पत्रिका नाय, ना माझा नाव नाक्यावर नाचतंय."

बाबांनी हात जोडले. आत्या पुढे येऊन म्हणाली, चूक माझी, पोरीची नाही. मुलगा आलाच नव्हता. त्याने नंतर मेसेज पाठवला: आई ऐकत नाही गं, टेक केअर. सहा महिने रोज फोनवर बोलणाऱ्या माणसाची ही निरोपाची भाषा. मला आजही वाटतं, त्यांना निमित्तच हवं होतं. मिठागराच्या जागेवर टॉवर यायचं नक्की झालं होतं आणि आमच्यापेक्षा वरची घरं दिसायला लागली होती. त्याचं लग्न त्याच वैशाखात झालं, दुसरीशी. त्या हळदीतही डीजेने आमचा धवळा लावला आणि बंद करायला त्याचा काका धावला, असं कानावर आलं. मी हसले. नंतर न्हाणीघरात जाऊन रडले, तेही सांगून टाकते.

नावं काढा, म्हणून आतेभाऊ कंपनीवाल्याकडे गेला. तो म्हणाला, चालतंय ते कशाला छेडायचं, हवं तर आंटीला परत गायला सांग. आणि आत्या तर गायचीच बंद झाली होती. माझ्या नावाने बोलावलेले देव बसून होते, लग्न झाल्याशिवाय उठायचे नाहीत, आणि ते उठल्याशिवाय ती दुसऱ्या मांडवात गाणार नाही. लोक पहिल्या वर्षी विनवायला आले, दुसऱ्या वर्षी कमी आले. मग कोणी येईना. गरजही नव्हती, अल्बम होता ना. आत्या आता लग्नाला गेली की मागच्या खुर्चीत बसते, इतर विधवांच्या रांगेत. तिचा आवाज पुढे वाजतो आणि ती मागे.

माझ्या मागे मात्र तिने सतत टुमणं लावलं. "कोन पन कर गो, पन कर." दोन मुलांचा बाप, दुकान बुडालेला, माझ्याहून बुटका, सगळे दाखवले. मी म्हणाले, आत्या, देवांना खोली रिकामी करायला लावायची म्हणून मी नवरा करायचा का? ती चार महिने माझ्याशी बोलली नाही. आता मी केसांना मेंदी लावते आणि स्थळं आपोआप थांबली आहेत.

यंदा आतेभावाच्या मुलीचं लग्न निघालं. आत्याची सख्खी नात. हळद कल्याण-शीळ रस्त्यावरच्या हॉलमध्ये, भर दुपारी. नात आजीच्या गळ्यात पडली, "आजी, माझ्यासाठी तरी गा." आत्या नुसती मान हलवत राहिली. आतेभाऊ सगळ्यांदेखत मला म्हणाला, "तुझ्या एकटीच्या हट्टापायी." ज्याने हे सगळं आमच्या दारात आणलं तो. चोराच्या उलट्या बोंबा, आणि चार पाहुण्या माना डोलावतात. मी ऐकून घेतलं, कारण पोरीचं तोंड उतरलं होतं.

आतेभावाने डीजेला खूण केली. बीट सुरू झालं, पाठोपाठ आत्याचा आवाज. नातीला पाटावर बसवून बायकांनी हळदीची बोटं तिच्या गालाला लावली आणि माझं नाव आलं. नवरीने चमकून माझ्याकडे पाहिलं. नाचणाऱ्यांना काही नव्हतं, त्यांच्यासाठी ते नुसतं गाण्यातलं नाव.

मी मागच्या रांगेत गेले. आत्यासमोर वाकून, तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "लाव मला हळद. इथंच लाव आणि उतरव. धाड त्या देवांना, आणि तुझ्या नातीचं गा."

"नवरा कुठं हाय?"

"विठ्ठलवाडीला तरी कुठे होता?"

आत्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. रागाने नाही. माप घेत असल्यासारखं.

"नवरा नव्हता," ती म्हणाली. "पन नवरी व्हती. आता ती बी नाय."

तेवढ्यात पुढचं कडवं लागलं. त्यातही मीच होते.