शेवट माहीत असलेला सिनेमा

मोबाइलवर 'वहिनी' असं नाव उमटलं तेव्हा मी खिडकीत बसून कढीपत्ता खुडत होते. वहिनीचा फोन म्हणजे हातातलं काम बाजूला ठेवून, पाय वर घेऊन ऐकायचा प्रकार. मी मांडी घातली आणि म्हटलं, "बोल गो वहिनी." पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, आणि मग दादाचा आवाज. माझ्या थोरल्या भावानं तोवर मला स्वतःहून कधी फोन केलेला नव्हता. फोन लावायची वहिनी, बोलायची वहिनी, आणि दादा मागून ओरडायचा, "फणस काढलाय, घेऊन जा म्हणावं तिला." त्यामुळे त्याचा आवाज ऐकला तेव्हाच मला सगळं कळलं. तरी तो सांगत होता, "सुधा... गेली गो. आत्ताच. चहा मागितलान, मी आणीपर्यंत..." मी कढीपत्त्याची पानं पदरातून खाली सांडली आणि रत्नागिरीहून मिळेल त्या रिक्षेनं निघाले.

आता महिना उलटून गेलाय. लोक भेटायला येतात आणि कुमुदवहिनीच्या कष्टांबद्दल, हाताच्या चवीबद्दल बोलतात. ते सगळं खरंच आहे. पण मला तिची आठवण येते ती एका हलक्याफुलक्या सिनेमासकट. इतकी वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे भावुक व्हायची मला सवय नाही. पण ज्या बाईनं एकच प्रेमपट दर उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा बघितला, तिच्याबद्दल लिहिताना तो सिनेमा वगळला तर ते कुणा दुसऱ्याच बाईबद्दल लिहिल्यासारखं होईल.

ती आमच्या घरात आली तेव्हा मी कॉलेजात होते. मी तिला अगं-तुगं करायची आणि ती मला, वयानं मोठी असून, 'वन्सं' आणि 'तुम्ही'. सासरची रीत. मी कितीदा सांगितलं, नको गो असं बोलू, तर म्हणायची, "राहू दे हो वन्सं, तेवढंच तुम्हाला मोठं झाल्यासारखं वाटतं." असा तिचा चिमटा. दुखायचा नाही, पण कळायचा. आमची कलमांची बाग हातखंब्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत गेलं की. मार्च लागला की दर शनिवारी मी शहरातून तिकडे जायची ते थेट आंबा संपेपर्यंत. सकाळी काढणी, दुपारी शेडमध्ये निवड आणि पेट्या भरणं. शेड म्हणजे चार खांबांवर पत्रे, वर झावळ्या घातलेल्या, एका बाजूला आंबे पिकायला भाताच्या पेंढ्यात घातलेली आढी, दुसऱ्या बाजूला रिकाम्या पेट्यांची चळत. दुपारचं ऊन पत्र्यांच्या फटींतून गळून खाली पेंढ्यावर पडायचं आणि आढीतून तो ऊबदार, गोड, झोप आणणारा वास यायचा. त्या वासात बसलं की वेळ पुढं सरकतोय की जागच्या जागी डुलतोय तेच कळत नाही. आजही डोळे मिटले की मी तिथंच असते.

त्या शेडमध्ये टीव्ही कसा आला, ती एक गंमतच आहे. बायकांचे हात चालू राहिले पाहिजेत आणि डोळ्यावर झापड येता कामा नये, म्हणून दादानंच घरातला जुना टीव्ही आणून एका क्रेटवर ठेवला. पहिल्या वर्षी कुणीतरी रहस्यपट लावला. खून झालेला, खुनी सापडत नाही, आणि शेडमधल्या साऱ्याजणी हातात आंबा धरून पडद्याकडे टक लावून बसलेल्या. हात चालू होते, पण कुठं चालू होते ते देवाला ठाऊक. आढीतला तयार आंबा आणि सकाळी झाडावरून उतरवलेला हिरवा आंबा एकाच पेटीत गेला. पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो, अर्धी पेटी गळतेय आणि अर्ध्या पेटीचं लोणचं घालायचं का?" आंबेवाल्याच्या घरात याहून मोठी नाचक्की नाही. दादा दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही, आणि मग त्यानं फर्मान काढलं, "शेडमध्ये ज्याचा शेवट माहीत नाही असला सिनेमा लावायचा नाही."

वहिनीनं ते फर्मान शब्दशः पाळलं. तिनं कुठूनतरी पेन ड्राइव्हवर तो एक सिनेमा आणवला. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण असले सिनेमे ढिगानं आहेत आणि सगळ्यांची गोष्ट तीच. डोंगरातल्या गावात रोपवाटिका चालवणारी फटकळ मुलगी, तिथं बदली होऊन आलेला वेंधळा गुरांचा डॉक्टर. आधी भांडण, मग तिच्या शेळीचं आजारपण, मग एक गाणं, मग एका आगाऊ मामाच्या चुगलीनं गैरसमज आणि रुसवा. तिचं लग्न दुसरीकडे ठरतं आणि साखरपुड्याच्या मांडवात, अंगठी बोटापाशी आली असताना, हा घामाघूम होऊन पोचतो. झालं. आंबा निवडायला याच्यासारखा सिनेमा नाही. फळ हातात फिरवायचं, देठापाशी बघायचं, वजनाचा अंदाज घेऊन चार डझनांच्या पेटीत की पाच डझनांच्या ते ठरवायचं, आणि मध्येच मान वर केली की आपण गोष्टीत कुठं आहोत ते लगेच कळतं. पेट्या भरायला येणारी सुगंधा तर मान वरही करायची नाही. पाठ फिरवूनच म्हणायची, "वयनी, आता ती रडनार." आणि ती रडायची.

मी एकदा वहिनीला विचारलं होतं, कंटाळा नाही का गो येत? तिनं आंब्यावरून हात न काढता सांगितलं, "वन्सं, मोहोर आला की तुडतुड्याची भीती, फळ धरलं की अवकाळी पावसाची, आणि सगळ्यातून आंबा वाचला तर भाव पडायची. वर्षभर जीव टांगणीला. दोन तास तरी मेलं काय होणार ते माहीत असू दे!" मला ते एकदम पटलं. गणिताच्या पुस्तकात उत्तरं मागच्या पानांवर छापलेली असतात, म्हणून काही गणित सोडवण्यातली मजा जात नाही. उलट धीर येतो. हे सिनेमे बघून नाकं मुरडणारे लोक मला फार भेटलेत. त्यांच्या आयुष्यात बहुतेक सगळं आपोआप सुरळीत होत असावं. ज्यांच्या घरात एका रात्रीच्या वाऱ्यानं वर्षाची कमाई झाडाखाली येऊन पडते, त्यांना तो वेंधळा डॉक्टर दर वेळी मांडवात वेळेवर पोचलेला बघण्याचं सुख विचारावं.

दादाचा मात्र त्या सिनेमाशी वेगळाच संबंध होता. तो मध्येच केव्हातरी शेडमध्ये यायचा, खांबाला टेकून उभा राहायचा, पाच-दहा मिनिटं बघायचा, आणि रुसवा सुरू झाला की "माहितीय काय होणार ते" असं म्हणून निघून जायचा. इतकी वर्षं हेच. वहिनी त्याच्या पाठीकडे बघून मला डोळा घालायची. मला वाटायचं, तिला त्याची गंमत वाटते.

गेल्या दिवाळीनंतर तिचं दुखणं निघालं. कोल्हापूरला नेलं, तिथून मुंबईला. डॉक्टरांनी मला आणि दादाला आत बोलावून सरळ सांगितलं. बाहेर बाकावर वहिनी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं आमच्या तोंडांकडे बघितलं आणि काही विचारलंच नाही. पण दादा... दादानं ते ऐकलंच नाही असं ठरवून टाकलं. घरी आल्यावर तो सारखा पुढचं बोलायला लागला. आंबा झाला की दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, पावसाळ्यात तुला बरं वाटेल, पुढच्या वर्षी वरच्या अंगाला नवीन कलमं लावू, तू सांग कुठं लावायची. ती काही बोलू गेली की याला बागेत काम निघायचं. पंप बघायला, फवारणीला, कुठंही. भित्रा नाही माझा भाऊ, पण त्या दिवसांत तो तिच्यासमोर पाच मिनिटं बसू शकत नव्हता.

एप्रिलमधल्या एका दुपारी आम्ही दोघीच शेडमध्ये होतो. तिच्याच्यानं आंबे निवडवत नव्हते, म्हणून पेंढ्यावर गोधडी टाकून तिला टेकवून बसवलं होतं. सिनेमा चालू होता. दादा आला, खांबाला टेकला, रुसव्यापाशी नेहमीचं वाक्य बोलून निघून गेला. वहिनीनं या वेळी डोळा घातला नाही. पडद्याकडे बघतच ती म्हणाली, "मला त्यांच्याकडून काही नको हो वन्सं. कधी मागितलं पण नाही. एकदा शेजारी बसून हा सिनेमा पुरा बघू देत... शेवट माहीत असला म्हणून काय उठून जायचं असतं?"

मी आंबे निवडत राहिले, कारण मला तिच्याकडे बघता येईना. त्यानंतर दोन शनिवार मी दादाला नाना निमित्तांनी शेडमध्ये बसवायचा प्रयत्न केला. एकदा पेट्यांना दोरी बांधायला बसवलं, तर रुसव्याच्या आधीच दोरी संपली म्हणून उठला. एकदा टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. आंबा संपत आला होता आणि वहिनीचं जेवणही. माझा जीव वर-खाली व्हायला लागला. इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदाच शेवट काय होणार ते माहीत नव्हतं.

मग मेच्या अखेरची ती दुपार. शेवटच्या पेट्या भरून झालेल्या, सुगंधा लवकर घरी गेलेली, शेड मोकळी मोकळी आणि आढीत जेमतेम दोन ओळी उरलेल्या. पत्र्याखाली सगळं पिवळसर झालं होतं. दादा आला, खांबाला टेकला. मामानं चुगली केली, मुलीनं तोंड फिरवलं, आणि दादा "माहितीय काय..." म्हणत वळला. वहिनी त्याला हळूच म्हणाली, "अहो, मला पण माहितीय."

दादा पाठमोराच उभा राहिला. पडद्यावरचं दुःखी गाणं सुरू होऊन संपलं. मग तो वळला आणि तिच्या शेजारी पेंढ्यावर येऊन बसला. तिच्या शालीला पेंढ्याच्या काड्या लागल्या होत्या, त्या एकेक करून काढत राहिला. मी उठून जावं की बसावं ते कळेना, म्हणून रिकाम्या पेट्यांची चळत उगाचच परत लावायला घेतली. सिनेमा पुढं गेला. मांडव सजला, पाहुणे आले, अंगठीचं ताट आलं. दादा पुढं झुकला होता. वहिनीनं डोळे मिटून घेतले होते, पण जागी होती, ओठांवर हसू होतं. अंगठी बोटापाशी आली आणि तो वेंधळा, केसांत पालापाचोळा घेऊन, मांडवात शिरला. दादानं इतका मोठा सुस्कारा टाकला की मी वळून बघितलं.

"मला वाटलं, नाही येणार हा," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या.

वहिनी हसली. इतकी हसली की खोकला आला, मी पाणी दिलं, आणि पाणी पितानाही ती हसत होती. "बघा हो वन्सं," ती म्हणाली, "हे म्हणे सगळं माहितीय!" दादानं तिचा हात धरला होता आणि माझ्यासमोर तो सोडलाही नाही. आमच्या घरात हे मी पहिल्यांदाच बघितलं. त्यानंतरच्या दिवसांत नव्या कलमांचं, दुसऱ्या डॉक्टरचं नाव त्यानं काढलं नाही. ते दोघं बोलायचे. काय बोलायचे ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. मी स्वयंपाकघरात असले की मला दोन आवाज ऐकू यायचे, तेवढं पुरे होतं. जूनमध्ये ती गेली, ते मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

परवाच्या शनिवारी मी तिकडे गेले. आता तिकडे जायचं काही कारण नाही, आंबा नाही, काम नाही. पण शनिवार आला की पाय वळतात. शेडमध्ये पेंढा काढून टाकलेला, जमीन सारवलेली, पेट्या घरात नेऊन रचलेल्या. टीव्ही मात्र तसाच क्रेटवर, वर एक जुनी चादर टाकलेली. मला वाटलं होतं, दादा घरात पडून असेल. तर तो शेडमध्येच होता, समोर दोन खुर्च्या मांडून. मी काही विचारायच्या आत त्यानं चादर काढली, घडी घातली आणि म्हणाला, "लाव गो तो सिनेमा. मला ते बटणांचं जमत नाही."

मी टीव्हीपाशी गेले आणि विचारलं, "मांडवापासून लावू?"

"नको," दादा म्हणाला. "शेवट बघितला ना तिच्याबरोबर. मी यायचा तेव्हा अर्धा होऊन गेलेला असायचा. ते दोघं भेटतात कसे, ते मला कुठं माहितीय?"

मी अगदी पहिल्यापासून लावला. घाटातल्या वळणावर एस.टी. थांबली. डॉक्टर पेंगुळलेल्या डोळ्यांनी, बॅग छातीशी धरून खाली उतरला आणि गाडी निघून गेल्यावर इकडेतिकडे बघायला लागला. दादा खुर्चीत पुढं सरकला. "चुकीच्या थांब्यावर उतरला वाटतं हा," तो म्हणाला. मी तोंड उघडलं, तसा त्यानं घाईघाईनं हात वर केला.

"थांब, थांब. पुढचं सांगू नको."