गळा भरला की प्रेमाचंच

उजव्या हाताचं बोट वर करायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बोलू नक्को वहिनी. आता गळा भरतो बघा त्याचा." आणि खरंच, स्पीकरमधला तो कुठला कोण गोरा माणूस चार ओळींत रडकुंडीला यायचा. मग आमचे वरच्या मजल्यावरचे भाऊजी डोळे उघडायचे. "भरला ना गळा? मग प्रेमाचंच."

इंग्रजी गाण्याची त्यांची परीक्षा एवढीच. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल असा एखादा शौकीन. हैदराबादेत आमच्या नल्लकुंट्यातल्या ह्या माणसाचं शिक्षण नांदेडकडच्या खेड्यात, सगळं मराठीतून. नोकरी वीज खात्यात. तरुणपणी गावच्या बसची वाट बघता बघता गौलीगुड्याच्या बसस्टँडजवळ एका कॅसेटच्या दुकानात त्यांनी ती कीबोर्डवरची, मशीनच्या ढोलावरची प्रेमाची गाणी ऐकली आणि कायमचे कामातून गेले. शब्द एक कळत नव्हता.

पुढे हातात फोन आले आणि भाऊजींच्या प्लेलिस्टींना ऊत आला. 'नवी ओळख', 'रुसवा', 'साखरपुडा', 'लग्नाचा वाढदिवस'. आधी दोन नाचरी, मग एक रडवं. क्रम कोणी बदलला तर चिडायचे. बिल्डिंगमधला एकही साखरपुडा त्यांच्या लिस्टीशिवाय झाला नाही. आम्ही बायका पुऱ्या तळता तळता ऐकायचो. आम्हाला काय कळतंय, कानाला गोड लागायचं. पोरांना कळलं असतं, पण त्यांना ती गाणी जुनाट वाटायची.

कळायचं फक्त भाऊजींच्या बायकोला. त्या बरकतपुऱ्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणायचे. गाणं रंगात आलं की बाई तोंडाला पदर लावून हसायच्या. नवऱ्याचं कौतुक वाटतंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाई शेवटच्या आजारात दवाखान्यात होत्या तेव्हा भाऊजींनी खास लिस्ट केली. नाव ठेवलं 'हिच्यासाठी'. मलाही पाठवली. मी डबा घेऊन जायची तर दोघं एकेक ईअरफोन कानात घालून बसलेले. त्यातलं एक संथ गाणं बाई पुन्हा पुन्हा मागायच्या. "तेच लावा हो." भाऊजी लावायचे. अशातच एका सकाळी बाई गेल्या.

मग लेकीचं लग्न ठरलं. जावई तेलुगू, मोठ्या कंपनीतला. भाऊजींनी मुलीकडे मागितलं एकच, संगीताच्या कार्यक्रमात बाईंचं ते गाणं वाजू दे. "वहिनी, तेवढं वाजलं की ही आली असं समजीन मी."

दिलसुखनगरच्या फंक्शन हॉलमध्ये वाजलंही. भाऊजींनी बोट वर केलं, डोळे मिटले. तेवढ्यात जावयाने माईक उचलला. "अंकल, ये तो छोड के जाने का गाना है! बोल रहा है, दरवाजा खुला है, मैं नहीं रोकता, तू जा. शादी में?" हॉल खो खो हसला. लेकही हसली, बापाच्या तोंडाकडे न बघता. डीजेने लगेच दुसरं काहीतरी धाडधाड सुरू केलं. मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. चूक होती, मान्य! पण सासऱ्याची चूक अशी माईकवरून दाखवायची, मेल्या?

भाऊजीही हसले होते सगळ्यांबरोबर. पण पाठवणी झाल्यावर मला वर बोलावलं. फोनवर एकेका गाण्याचा मराठीत अर्थ काढून बसले होते.

"वहिनी, साखरपुड्याची पण सगळी ताटातुटीचीच निघाली की हो."

"जाऊ द्या. लोकांचे संसार चाललेत ना नीट?"

"लोकांचं कोण बोलतंय? दवाखान्यात मी रोज हिच्या कानात 'तू जा' म्हणून वाजवलं. मला कळत नव्हतं. हिला तर सगळं कळत होतं. एका शब्दाने बोलली नाही."

"त्याच तर परत मागायच्या ते. आवडत असेल."

"गाणं आवडत होतं, का माझ्या तोंडून 'जा' ऐकायचं होतं? आता विचारू कोणाला?"

मी चहासुद्धा न घेता खाली आले आणि दार लावून रडले.

त्यानंतर भाऊजींनी एकही लिस्ट केली नाही. स्पीकरवर बाईंच्या जुन्या साडीचा तुकडा टाकून ठेवला. कोणी साखरपुड्याचं विचारायला आलं की म्हणायचे, "मला त्यातलं कळत नाही." गेल्या उन्हाळ्यात झोपेतच गेले.

शोकसभा खालच्या हॉलमध्ये होती. फोटोला हार, अगरबत्ती, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. जावई माझ्याजवळ आला. हळू आवाजात, अदबीनेच म्हणाला, "आंटी, अंकल की वो फनी वाली लिस्ट है क्या आपके पास? बॅकग्राउंड में लगा देते."

फोन माझ्या हातातच होता. 'हिच्यासाठी'ची लिस्ट होती त्यात, त्यांनी लावलेल्या क्रमाने.

"नाही," मी म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकला.