बारा नंबरचा गहू

काय विचारताय, माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा गाढवपणा कोणता? अहो, एखादाच असता तर पटकन सांगितला असता! पण पहिला मान गव्हाचा. घ्या, चहा घ्या. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर हसलात तर मला राग येईल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच डॉक्टर झालो होतो. सुई टोचणारा नव्हे, वनस्पतिशास्त्राचा. म्हणजे आजारी माणसाला उपयोग शून्य, आणि आजारी पिकालाही फारसा नाही. नाशिकच्या एका संशोधन केंद्रात मला तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला होता. विषय होता पाण्याचा ताण सोसणारा गहू. साध्या भाषेत सांगायचं तर गव्हाचे बारा वाण पेरायचे, त्यांना तहानलेलं ठेवायचं आणि कोण आधी मरतो ते वहीत लिहायचं. याला संशोधन म्हणतात!

पहिली दोन वर्षं केंद्राच्या आवारातच पेरलं. बाराच्या बारा वाण इमानेइतबारे मेले. तिसरं वर्ष शेवटचं. एखादा तरी वाण तगला तर प्रकल्पाला मुदतवाढ, नाहीतर मी वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात. वडील वाटच बघत होते.

म्हणून तिसऱ्या वर्षी मी रान बदललं. सायखेड्याला, नदीवर जाणाऱ्या पायवाटेला लागून दगूनानांचं शेत होतं. त्यातला एक तुकडा घेतला. नाना पन्नाशीचे, कमी बोलणारे. पेरणीच्या दिवशी नारळ घेऊन बांधावर उभे.

“साहेब, पहिल्यांदा पेरताय आमच्या रानात. एक नारळ फोडू.”

“नाना, गहू नारळाने उगवतो की पाण्याने?”

“दोन्हीनी उगवतो की!”

झालं! मी तिथेच, बैलांसमोर, अर्धा तास भाषण ठोकलं. अंधश्रद्धा, विज्ञान, एकविसावं शतक, सगळं काढलं. बैल कंटाळून खाली बसला. नानांनी नारळ पिशवीत ठेवला आणि एवढंच म्हणाले, “बरं.” शेतकरी “बरं” म्हणतो तेव्हा तो आपल्याला हो म्हणत नसतो, हे मला तेव्हा कुठलं ठाऊक!

आता प्रश्न आला पाण्याचा. शेजारच्या नेहमीच्या गव्हाला पाणी द्यायचं आणि माझ्या तुकड्याला पेरणीच्या दिवशीच्या एका पाण्यानंतर थेंबही द्यायचा नाही. पाट जिथून माझ्या तुकड्यात वळायचा तिथे खूण हवी होती. कोणीही शहाणा माणूस पाटी लावेल, “पाणी देऊ नये.” पण मी पडलो विद्वान! मी मनाशी ठरवलं की या लोकांना वाचता कुठलं येणार? विचारलं का कुणाला? छे! विचारलं तर विद्वान कसला?

लाल रंग म्हणजे थांबा, हे तर अडाण्यालाही कळतं. म्हणून दुसऱ्या दिवशी नदीतला गुडघाभर उंचीचा गोटा उचलून आणवला, तुकड्याच्या तोंडाशी पायवाटेच्या कडेला रोवला आणि ऑइल पेंटने स्वतःच्या हाताने रंगवला. दुकानात लालमधली एकच छटा उरली होती, जरा शेंदरीकडे झुकणारी. म्हटलं चालेल, उलट लांबून दिसेल.

होय, होय! तुम्हाला आत्ताच कळलं. मला कळायला अडीच महिने लागले, आणि पीएच.डी. माझ्याकडे होती.

“नाना, या लाल दगडाच्या पुढे पाट जाऊ द्यायचा नाही.”

नानांनी दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा दगडाकडे बघितलं. मग पायातल्या चपला काढल्या.

“नाय जाणार साहेब. तुमी निर्धास्त ऱ्हा.”

मला वाटलं, मातीला मान देतोय बिचारा.

मी आठवड्यातून एकदा स्कूटरवरून जायचो. माझ्याच आराखड्यात लिहिलं होतं की मोजमापं सूर्योदयापूर्वी घ्यावीत, कारण झाडाची खरी तहान तेव्हाच कळते. लिहायला काय जातं? पौषाच्या थंडीत पहाटे नाशिकहून सायखेड्याला कोण मरायला जाणार! मी अकराला पोचायचो, पोह्यांची एक प्लेट खायचो आणि वहीत “पहाट” असं लिहायचो.

दगडाला फुलं दिसू लागली. मग हळदकुंकू. मग नारळाची भकलं.

“हे काय हो नाना?”

“बाया येतात नदीवरून येता-जाता. काढू का?”

“असू द्या. फुलांनी काय होतंय!” मी मोठ्या मनाने म्हणालो. मनात म्हटलं, या लोकांना उभा दगड दिसला की पुरे.

इकडे तुकडा वाळत चालला. एक ते अकरा नंबरच्या ओळी पिवळ्या पडल्या, पानं सुरळीसारखी गुंडाळली. पण बारा नंबर! पायवाटेकडची शेवटची ओळ, दगडाच्या पायथ्यापासून सुरू होणारी. हिरवीगार! ओंबी अशी भरलेली की बघत राहावं. मी आनंदाने नानांना मिठी मारली. नाना म्हणाले, “सगळी त्याची कृपा.” मला वाटलं, वाणाबद्दल बोलतायत.

मातीतला ओलावा मोजायचं एक यंत्र माझ्याकडे होतं. ते बारा नंबरच्या मुळाशी खुपसलं तर काटा सरळ “ओलं”वर. दोन महिने पाणी नाही आणि ओलं? यंत्र बिघडलं! ते घेऊन नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारागिराकडे गेलो. त्याने उघडलं, तपासलं, परत जोडलं.

“साहेब, यंत्र ओके आहे. जमीनच ओली असंल.”

“तुम्ही शेती शिकलायत का?”

“नाही.”

“मग?”

त्याने यंत्र माझ्यापुढे सरकवलं आणि पैसे मागितले. शहाणा होता.

पण यंत्र ठीक म्हटल्यावर ओलाव्याचं कारण तर शोधायलाच हवं. आणि मी शोधलं! बारा नंबरची मुळं खोल जातात, रात्री तळातलं पाणी वर ओढतात आणि वरच्या मातीत सोडतात. काय सुंदर सिद्धांत! मी एका परिसंवादात तो वाचला. पारदर्शिका दाखवल्या, बाण काढले, निळ्या शाईने पाणी रंगवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परिसंवादात जेवणाच्या आधी जे काही वाचाल त्याला टाळ्या मिळतात, हे अनुभवाचे बोल आहेत.

मुदतवाढ ठरवणाऱ्या समितीच्या प्रमुख एक मॅडम होत्या. बारीक चष्मा, त्याहून बारीक आवाज. त्यांनी शांतपणे विचारलं, “मुळं रात्री पाणी वर आणतात ना? मग पहाटे माती सगळ्यात ओली असणार.”

“अर्थात!”

“तुमची मोजमापंही पहाटेचीच आहेत.”

“अर्थात,” मी पुन्हा म्हणालो, जरा हळू.

“मग आपण सगळे पहाटेच जाऊ या.”

माघाचा महिना. साडेसहाला समितीची जीप पायवाटेशी थांबली. मॅडम, दोन सदस्य आणि कानटोपीतला मी. उजाडतच होतं. आणि बघतो तर काय, माझ्या प्रयोगापुढे रांग!

माघस्नान करून नदीवरून परतणाऱ्या बाया, तीस-चाळीस तरी असतील. ओल्या लुगड्यांनी कुडकुडत, हातात तांब्या-कळशा. एकेक पुढे येई, दगडावर पाणी ओती, फूल वाही, हात जोडी. पाणी दगडावरून ओघळत थेट बारा नंबरच्या मुळाशी. अशी एकसारखी वाटणी ठिबक सिंचनालाही जमत नाही!

मी कानटोपी आणखी खाली ओढली. मॅडम रांगेतल्या एका म्हातारीजवळ गेल्या. त्या नानांच्या आई, ठकूबाई.

“आजी, कोणता देव हा?”

“नाव नाय सांगितलं त्येनी. पर लय कडक हाय. समदं रान वाळलं, ह्याच्या पायाशी बघा कसं हिरवं हाय!”

“कोणी बसवला?”

ठकूबाईंनी सगळ्या समितीच्या देखत माझ्याकडे बोट केलं. “ह्या सायबानी! पेरणीला नारळ नको म्हनला, लय बोलला देवाला. आन् दुसऱ्याच दिशी उपरती झाली. सोताच्या हातानी शेंदूर लावला बाई, कुनाला हात लावू दिला नाय!”

एका सदस्याला खोकला आला. तो जीपमागे जाऊन बराच वेळ खोकत राहिला.

मी नानांवर उखडलो. दुसरं करणार काय? “नाना, मी बजावलं होतं ना, पाणी द्यायचं नाही!”

“पाटाचं म्हनला व्हता. पाट येक दिवस तरी गेला का? देवाच्या अंगावरून पाट कसा नेईन मी? तांब्याचं तुमी कुटं बोलला?”

“अहो, तो देव नाही! पाणी देऊ नये अशी खूण आहे ती!”

नाना पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. “मंग पाटी लावायची ना साहेब! रोज पेपर वाचतो मी. सोसायटीचा सेक्रेटरी हाय!”

मॅडमनी चष्मा पुसला. मग एवढंच म्हणाल्या, “आता दगड काढून टाका, म्हणजे निदान शेवटचे पंधरा दिवस तरी खरे मिळतील.”

काढून टाका! मी पुढे झालो, दगडाला हात घातला, आणि चाळीस तांबे एकदम थांबले. त्या बायांच्या नजरा मी आजही विसरलो नाही. ठकूबाई पुढे आल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, “नको रं बाळा. येकदा बोलून झालंय तुझं.”

मी हात मागे घेतला. मॅडम जीपकडे वळल्या.

मुदतवाढ गेली. जाणारच! माझी वही बघून मॅडमनी “पहाट” या शब्दाखाली तांबड्या शाईने रेघ मारली होती, बाकी शेरा काही नव्हता. बारा नंबरचा वाण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी खरोखर तहानलेला ठेवला. तो सगळ्यांच्या आधी मेला.

मध्यंतरी सायखेड्यावरून जात होतो. दगडाभोवती आता चौथरा आहे, वर पत्रा आहे, घंटाही आहे. माघात उत्सव होतो. नानांनी मला ओळखलं, ओढत नेलं आणि पहिला नारळ माझ्या हाताने फोडायला लावला. लोकांनी रांगेने माझ्या पाया पडायला सुरुवात केली.

आमच्या केंद्रातले भलेभले शास्त्रज्ञ निवृत्त झाले, पण त्यांचं संशोधन शेतकरी काही स्वीकारत नाहीत अशी त्यांची रड कायम आहे. माझं एका पंचक्रोशीने स्वीकारलं.